भावना : निरंक

७ जानेवारी, मंगळवार

पुन्हा तोच शेरा! लाल शाईत, माझ्या चांगल्या अक्षराच्या शेजारी. "यात तुम्ही कुठे आहात?"

मी कुठे असणार? मी लिहिणारी! समाजकार्याच्या कोर्सात भेटीच्या वृत्तांताला चार रकाने असतात. तारीख-वेळ, काय घडलं, काय बोलणं झालं, आणि शेवटचा — विद्यार्थ्याच्या भावना. पहिले तीन मी काठोकाठ भरते. चौथ्यात 'निरंक' लिहिते. आवक-जावक विभागात चौतीस वर्षं काढली, एकही रकाना कोरा सोडला नाही. सांगण्यासारखं काही नसेल तर निरंक लिहायचं, म्हणजे पुढच्याला कळतं की विसरलेलं नाही, तपासून लिहिलंय. ही शिस्त आहे. ती या पोरांना कोण शिकवणार?

फील्डवर्कच्या जुई मॅडमनी वर्गाबाहेर बोलावलं. अठ्ठावीस वर्षांची आहे ही मॅडम. मी नोकरीला लागले तेव्हा तिच्या आईचं लग्नसुद्धा झालं नसेल. पण गुरू तो गुरू. हात बांधून उभी राहिले. म्हणाली, "नलिनीताई, थिअरीत तुम्ही वर्गात पहिल्या आहात. पण फील्डवर्कचं पासिंग वेगळं असतं. मार्चपर्यंत असंच चाललं तर मला तुम्हाला पास करता येणार नाही."

म्हणजे तिसरं वर्ष पुन्हा. एकसष्टाव्या वर्षी नापास! दादा पुण्याहून फोनवर काय म्हणेल ते आत्ताच ऐकू येतंय.

९ जानेवारी, गुरुवार

नवीन ठिकाण मिळालं. लालबागचं 'सोबत केंद्र'. एकटे राहणारे म्हातारे-म्हाताऱ्या, त्यांना दुपारचा डबा आणि आठवड्यातून दोन भेटी. डबे कोंडीराम पोचवतो, भेटी आम्ही विद्यार्थी देतो. माझ्याबरोबर यशोधन आहे. वय वीस, केस डोळ्यांवर. केंद्रात शिरलो तर कोंडीराम खुर्ची घेऊन धावत आला — माझ्यासाठी! "मॅडम, इन्स्पेक्शन आज होतं का?" यशोधन हसून हसून बेजार. "काकू, तुम्ही साईन करा ना माझ्या हजेरीवर, चालून जाईल!"

माझ्या वाट्याला चंपाबाई. वय चौऱ्याहत्तर, नवरा गिरणीत होता, वारला. मुलगा नालासोपाऱ्याच्या पुढे कुठेतरी, येत नाही. चाळ, तिसरा माळा, उजवीकडचं शेवटचं दार.

बरोबर दीडला पोचले. जेवणाची सुट्टी संपते ती वेळ. अंगवळणी पडलंय.

"कोण गे तू?"

"मी समाजकार्याच्या पदवीची विद्यार्थिनी."

बाई हसायला लागली ती थांबेचना. पदर तोंडाला लावून हसली. शेजारणीला हाक मारली — "गे, हयसर ये, विद्यार्थिनी बघ!" मग स्वतःच स्टूल पुढे केलं. त्या हसण्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

रकाना चौथा : निरंक.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वर्गात पोरांनी तिळगूळ दिला. पायाशी वाकून नमस्कारही केला दोघींनी. मी आशीर्वाद दिला आणि बाकावर एकटी बसले. बाकी सगळे फोटो काढायला माटुंग्याला कुठेशी गेले. विचारलं नाही कोणी. विचारलं असतं तरी गेले नसते. तरी.

घरी आले तर जिन्यात ही गर्दी. पहिल्या माळ्यावर हळदीकुंकू. माझं काय करायचं ते आमच्या बिल्डिंगला कधीच कळलेलं नाही. सवाष्ण नाही, विधवा नाही, कुमारिका म्हणावी तर एकसष्ट वर्षांची! त्यामुळे दरवर्षी वाण मागाहून दारात येतं. यंदा प्लास्टिकची गाळणी आली. मोलकरणीच्या हाती.

चांगली आहे गाळणी.

१६ जानेवारी, गुरुवार

प्रश्न मी विचारायचे असतात. कागदावर अठरा प्रश्न आहेत माझ्याकडे. विचारते चंपाबाई!

"खंय ऱ्हवतंस?" गिरगावात. "घरात कोण आसा?" मी आणि कुंड्या. "लगीन?" नाही. आईचं करायचं होतं. "आवस आसा?" चार वर्षं झाली जाऊन. "तुका हाक काय मारी?"

हा प्रश्न माझ्या कागदावरसुद्धा नाही. म्हटलं, "नलू."

"नलूबाय," म्हणाली. लगेच. जसं काही माझ्या बारशाला हजर होती.

मग म्हणे, "रातचा काय रांधतंस?" मी सांगितलं — रात्री करत नाही. दुपारच्या दोन पोळ्या असतात, दुधात कुस्करते. एकटीसाठी पुन्हा कुठे कणीक मळायची? तिने ताटली घेतली. कुळथाची पिठी वाढली, खा म्हणाली. केंद्राच्या नियमात लाभार्थ्याकडे खाणं बसत नाही. खाल्लं. वृत्तांतात लिहिलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

केंद्राचे पिवळे फॉर्म आलेत. 'नाव सुचवा.' तुमच्या माहितीत कोणी एकटं राहणारं असेल तर नाव कळवायचं. पेटीत टाकायचं, पेटी मार्चअखेरीला उघडणार, त्यातून पुढच्या वर्षाची यादी. चंपाबाईला एक दिला आणि वाचून दाखवला. अटी दोनच : वय साठ पूर्ण, घरी दुसरं कोणी नाही.

"कोणाचाय नाव घातला तर चलता?"

"कुणाचंही चालतं."

"माका लिवूक येना नाय."

"कोंडीरामला सांगा डबा आणेल तेव्हा. तो लिहून देईल."

फॉर्म घडी घालून मिठाच्या बरणीखाली ठेवला. उठताना हात धरला माझा. "नलूबाय, तू माझ्याकडे येतंस ता बरा झाला. पण तुझ्याकडे कोण येता?"

"येतात की," म्हटलं.

कोण येतं? गॅसवाला येतो. सिलिंडर खाली ठेवून म्हणतो, 'मॅडम, सही.' गेल्या महिन्यात कुरिअरवाला आला होता. तो चुकून आला होता.

२६ जानेवारी, रविवार

दादाचा फोन. रविवारी अकराला असतो, सात मिनिटं. "अभ्यास कसा चाललाय?" आणि मग हसला. "हौस फिटली की सांग हो, पुण्याला ये चार दिवस." चार दिवस! पाचव्या दिवसाची भीती वाटते सगळ्यांना.

हा कोर्स का घेतला ते त्याला खरं सांगितलेलं नाही. निवृत्तीनंतर पहिला महिना घरात काढला आणि एका बुधवारी लक्षात आलं की सोमवारपासून मी तोंड उघडून एक शब्द बोललेले नाही. तीन दिवस! घशातून आवाज येतो का ते बघायला कुंडीतल्या तुळशीला मोठ्याने म्हटलं, "काय गं?" खरखरीत आवाज आला. दुसऱ्या दिवशी जाऊन कॉलेजचा फॉर्म आणला. लोकांची सेवा वगैरे नंतर सुचलं, प्रवेशाच्या मुलाखतीत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

चंपाबाईने दार उघडलं नाही. दीड ते पावणेदोन, चार वेळा वाजवलं. आत रेडिओ चालू होता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजही नाही. आत रेडिओवर शेतीचा कार्यक्रम. म्हणजे बाई आत आहे! रेडिओ काय आपला आपण लागतो? कडीला डबा अडकवलेला, तो मात्र कोंडीराम म्हणतो रोज रिकामा परत मिळतो. डबा चालतो, मी चालत नाही.

मी काय केलं? गेल्या वेळी तिने मुलाचा विषय काढला आणि मी म्हटलं होतं की ज्येष्ठांच्या चरितार्थाचा कायदा आहे, अर्ज करता येतो. कलमसुद्धा सांगितलं. ती उठून भांडी आवरायला लागली होती. तेच लागलं असणार. किंवा पिठी खाऊन मी 'मीठ कमी आहे' म्हटलं, ते. किंवा काहीच नाही, माणूस कंटाळतो. माझा कंटाळा यायला लोकांना फार दिवस लागत नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरी वेळ. रेडिओ चालू, दार बंद. मी दाराला कान लावून उभी राहिले. एकसष्ट वर्षांची बाई दुसऱ्याच्या दाराला कान लावून! शेजारच्या दारातून कोणीतरी बघितलं तशी जिना उतरले.

केंद्राचा नियम क्रमांक नऊ : सलग तीन भेटींत प्रतिसाद न मिळाल्यास लाभार्थ्याचे नाव वगळावे. केंद्रात आले. रजिस्टर काढलं. पट्टी घेतली आणि नावावर सरळ रेघ मारली. तारीख, सही. शेरा : 'नियम ९ नुसार वगळले.' काम कसं स्वच्छ झालं!

वृत्तांत लिहिला. रकाना चौथा : निरंक.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नवीन लाभार्थी अजून मिळाला नाही. केंद्रात बसून जुन्या फायलींना क्रमांक दिले. बरं वाटलं. नाही, बरं नाही वाटलं. वेळ गेला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात मी आहे. आज यशोधन फोन टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेला आणि फोन उजळला. दुसरा ग्रुप आहे. नाव — 'काकूंशिवाय'. एक हसरा चेहरा काढलाय पुढे.

द्वेष नाही हो त्यात, मला कळतं. आम्हीही साहेबांशिवाय चहा प्यायचो. पोरांना मोकळं बोलायचं असतं. कळतं सगळं. आणि तरी बसस्टॉपवर दोन बस सोडल्या. घरी निघताना दिवाणखान्यातला दिवा लावूनच जाते मी रोज, अंधारात कुलूप उघडायला लागू नये म्हणून. रस्त्यावरून वर बघितलं की वाटतं, कोणीतरी आहे घरात. आज त्या दिव्याचासुद्धा राग आला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जे झालं ते झालं तसं लिहिते. हात आगीत धरल्यासारखे जळतायत, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

सकाळी कोंडीराम डबे मोजत होता. सहज म्हणाला, "एक डबा कमी झाला, बरं झालं, तीन जिने वाचले."

"कोणाचा?"

"चंपाबाईचा. तुम्हीच नाही का नाव कापलं? भेटीची नि डब्याची वही एकच आहे, मॅडम. नाव गेलं की डबा पण गेला."

नऊ दिवस! नऊ दिवस ती बाई डब्याविना, माझ्या पट्टीने मारलेल्या एका रेघेमुळे. चौतीस वर्षं मी कागद पुढे पाठवले. जावक क्रमांक टाकला की माझं काम संपलं. पुढच्या टेबलावर त्याचं काय होतं ते एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

पळत गेले. लालबागच्या रस्त्यावर या वयात पळणारी मीच. दार बंद, रेडिओ चालू. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. शेजारीण बाहेर आली. "अहो, ती नाहीये घरात. रेडिओ लावून जाते, चोराला वाटावं माणूस आहे म्हणून. मसाल्याच्या दुकानात बघा. मिरच्यांचा सीझन लागला ना."

मला एवढं साधं सुचलं नव्हतं! शेजारच्या दारावर टकटक करून 'ही बाई कुठे गेली हो' विचारायचं. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवलं होतं. आणि रेडिओ? मी दिवा लावून जाते ती वेगळं काय करते?

मसाला कुटायच्या डंक्या चालू होत्या, पुढचं दिसत नव्हतं मिरचीच्या खकाण्याने. दुकानाच्या मागे सात-आठ बायका गोणपाटावर बसलेल्या, पुढ्यात मिरच्यांचे ढीग, देठं खुडतायत. चंपाबाई कडेला. तोंडाला पदर बांधलेला.

मला बघितलं आणि तिचा चेहरा पडला. चोरी पकडल्यासारखा. "नाव काडलंत मां? माका ठावक होता. कमावता म्हणान काडलंत."

तिला वाटलं, ती काम करते हे केंद्राला कळलं म्हणून डबा बंद झाला! म्हणून विचारायलाही आली नाही. दरवर्षी मिरच्या आल्या की दुपारी बारा ते पाच देठं खुडते. हातात काम असलं की चार बायका बोलतात, म्हणाली. घरात कोण बोलता? डबा संध्याकाळी घरी जाऊन खायची.

मी म्हटलं, "तसं नाही चंपाबाई. मी काढलं. तुम्ही मला दार उघडत नाही असं वाटलं मला."

"मी घरात नाय तर दार कसा उघडतलंय?"

"ते मी विचारलंच नाही कोणाला. मला राग आला."

"कोणाचो?"

"तुमचा. मी मंगळवार-गुरुवारची वाट बघत होते. आणि तुम्ही दार लावून घेतलंत असं वाटलं."

बोलून गेले! भर बायकांत. डंक्यांच्या आवाजात कोणी ऐकलं असेल नसेल. चंपाबाईने मात्र ऐकलं.  मग गोणपाटावर सरकून जागा केली. "बस मगे. हात चलव."

दोन तास देठं खुडली. ती म्हणाली होती, डोळ्याक हात लावू नको. लावला. मग काय, गंगा-यमुना. सुरुवात मिरचीने झाली, एवढं नक्की. नंतरचं मिरचीवर ढकलता येणार नाही. बायका 'पाणी द्या गं' म्हणत होत्या आणि मी रडत होते, आई गेल्यापासून पहिल्यांदा. ती गेली तेव्हासुद्धा रडायला वेळ मिळाला नव्हता. दाखला, बँक, पेन्शन बंद करायचा अर्ज. मी सगळं वेळेत केलं होतं.

निघताना म्हणाली, "घराक जाऊन हाताक खोबरेल चोळ. पानी लावू नको, अधिक जळतला."

मी घरी येऊन साबणाने धुतले. सवय! आता भोगते आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

११ तारखेचा वृत्तांत पुन्हा लिहिला. जुना फाडला नाही, त्याच्या खाली जोडला. चौथा रकाना तीन ओळींचा असतो. मला पाठपोट दोन पानं लागली. राग, अपमान, आणि ती नसती तर मंगळवारी मी कुठे जाणार होते हे. 'नियम ९ नुसार वगळले' हे खोटं आहे असं लिहिलं. नियम ९ च्या आडून, रागावून वगळले.

कागदी घोडे नाचवण्यात आयुष्य गेलं. एक घोडा एका म्हातारीच्या ताटावरून गेला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जुई मॅडमना दिलं. समोर बसून वाचलं त्यांनी. मी हात बांधून उभी. म्हटलं, नापास केलंत तरी चालेल, पण आधी तिचा डबा सुरू करा. रोज दुपारी काम करणाऱ्यांनाही डबा मिळतो का, तो नियम काढून बघा.

"मिळतो," म्हणाल्या. "असा कुठलाच नियम नाही. तिला कोणी सांगितलंच नव्हतं."  "ताई, फार मोठी चूक झाली ही."

"हो."

"मी हे सौम्य करून सांगणार नाही. पण बसा आता, उभ्या नका राहू."

शेरा काय येणार माहीत नाही. रजिस्टरमध्ये नाव पुन्हा लिहिलं, खाली, नव्या क्रमांकाने. रेघ मारलेलं जुनं नाव तसंच आहे वरती. दिसतं दर वेळी वही उघडली की. दिसू दे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आता दीडला जात नाही. तिला विचारलं, कधी येऊ? "साडेपाचाक." तर साडेपाच.

६ मार्च, गुरुवार

यशोधन आज माझ्याबरोबर वर आला. त्याचा लाभार्थी गावाला गेलाय. चंपाबाईने दहा मिनिटांत त्याची पूर्ण चौकशी केली. आई, बाप, मुलगी कोण, केस का असे. खाली उतरताना म्हणाला, "काकू, डेंजर बाई आहे! सगळं काढून घेतलं माझ्याकडनं." मग — "सॉरी हां. त्या ग्रुपचं. तुम्ही बघितलं ना त्या दिवशी?"

म्हटलं, "नाव तरी बरं ठेवायचं."

हसला. मला ग्रुपमध्ये घेतलं नाही. तेही ठीकच आहे. काही गोष्टी काकूंशिवायच व्हाव्यात. पण बसपर्यंत चालत आला, एवढं खरं.

१३ मार्च, गुरुवार

होळी. सुट्टी. कोणाशी बोलले नाही दिवसभर. तुळशीला सुद्धा नाही.

१८ मार्च, मंगळवार

निरोपाचं तीन भेटी आधी सांगायचं असतं. एकदम तोडायचं नाही, पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे त्यावर. मी दोन वेळा सांगायचं टाळलं. जमेना. आज शेवटी सांगितलं. आणखी एक भेट, मग माझं वर्ष संपलं, पुढे दुसरं कोणीतरी येईल. मी तयारी करून गेले होते. ती रडली तर काय म्हणायचं, रागावली तर काय.

तिने पिठीला फोडणी दिली. पाठमोरी होती. म्हणाली, "मगे मंगळवारी तू काय करतलंस?"



२० मार्च, गुरुवार

शेवटची भेट. साडी दिली तर घेतली नाही, नियम आहे म्हणाली! माझाच नियम माझ्यावर. मसाल्याची पुडी मात्र हातात कोंबली. "रातचा रांध काय तरी. एकटीक पण रांधूचा."

जिन्यात वळून बघितलं तर दारात उभी होती. मी हात केला. तिने नाही केला. नुसती बघत होती, मूल शाळेत सोडताना बघतात तशी.

घरी आले. कणीक मळली. दोन पोळ्यांची.

२५ मार्च, मंगळवार

पास! फील्डवर्कमध्ये काठावर, पण पास. लाल शाईत शेरा : "आता दिसता आहात." दादाला फोन केला. रविवार नसताना. तो घाबरून म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, सांगायला केला. बावीस मिनिटं बोललो.

फोन ठेवला, आणि मंगळवारची संध्याकाळ तशीच पुढ्यात उभी. साडेपाच वाजले, मग सहा. चंपाबाई दुकानातून घरी आली असेल. तिच्याकडे आता कोण जाणार, याची काळजी करत बसले. एकटी पडेल बिचारी.

२७ मार्च, गुरुवार

सूचनांची पेटी उघडली. जुई मॅडमनी नोंदी करायला मलाच बोलावलं, अक्षर चांगलं म्हणून. पिवळे फॉर्म एकेक उलगडून वहीत चढवत होते. एकशेतेरा झाले. पुढचा उघडला. मिठाचा डाग, कोंडीरामचं अक्षर, खाली वेडीवाकडी सही — चंपा.

नाव : नलूबाय. पत्ता : गिरगाव. घरी कोण : कुंड्या. जेवण : रात्री रांधत नाही. अडचण : ही सगळ्यांकडे जाते, हिच्याकडे कोणी येत नाही. शेरा : स्वभाव तिखट आहे, पण नेटाने जावे. दार उघडील.

तारीख बघितली. २२ जानेवारी. मी फॉर्म दिला त्याच्या दुसऱ्या दिवशीची. त्यानंतर विसाव्या दिवशी मी तिच्या नावावर रेघ मारली होती.

"काय झालं ताई?" मॅडमनी विचारलं. काही नाही म्हणणार होते. फॉर्म त्यांच्या हातात दिला.

मग परत घेतला आणि वहीत लिहिलं. आवक क्रमांक ११४. वय एकसष्ट, घरी दुसरं कोणी नाही. दोन्ही अटी पूर्ण.